पाटीची मागची बाजू आधी बघा: पेट्रोल पंपांच्या जुन्या इनॅमल पाट्या ओळखताना

प्रश्न थोडक्यात असा. कराडजवळ हायवेला लागून मामांचं जुनं गॅरेज होतं. ते पाडताना हौदावर झाकण म्हणून टाकलेला जाड पत्रा उलटा केला, तर खालून पिवळी-तांबडी बर्मा-शेलची इनॅमल पाटी निघाली. तिच्या खालच्या अर्ध्या भागावर निळ्या ऑइलपेंटने हाताने रंगवलेली 'भारत पे' एवढीच अक्षरं शिल्लक आहेत. तेव्हापासून तुम्हाला या पाट्यांचा नाद लागला आणि चोर बाजारात दोन पाट्या तुम्ही हेरून ठेवल्यात. एक मोबिलगॅसच्या उडत्या तांबड्या घोड्याची, दुसरी सिंक्लेअरच्या हिरव्या डायनोसॉरची. मामांच्या पाटीवरचा निळा रंग काढून ती नव्यासारखी करावी का, आणि बाकीच्या दोन घ्याव्यात का, असं तुम्ही विचारलंय.

आधी निकाल सांगतो, मग कारणं. डायनोसॉर सोडून द्या. घोडा भिंतीवरून उतरवून, मागून-पुढून तपासल्याशिवाय विसार देऊ नका. आणि मामांच्या पाटीवरचा निळा रंग अजिबात काढू नका. ती तिन्हींत सगळ्यांत मोलाची पाटी आहे आणि निम्मं मोल त्या निळ्या रंगात आहे.

डायनोसॉरपासून सुरू करतो, कारण तिथे पाटीला हातही न लावता निर्णय घेता येतो. सिंक्लेअर ही अस्सल अमेरिकन कंपनी. तिने 1930 च्या सुमारास जाहिरातीत डायनोसॉर आणला, 1932 मध्ये तो ट्रेडमार्क म्हणून नोंदवला आणि 1933-34 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याची भलीमोठी प्रतिकृती उभी केली. पण भारतातल्या रस्त्यांवर सिंक्लेअरचे पंप नव्हते. शिवाय अमेरिकेत म्हणतात गॅसोलीन, आपल्याकडे पेट्रोल किंवा सरकारी भाषेत मोटर स्पिरिट. मुंबईच्या बाजारात गॅसोलीन असं लिहिलेली डायनोसॉरची पाटी, तीही दुकानदाराकडे 'जुन्या पंपावरून आलेली', याला काही आधार नाही. गेली काही दशकं आपल्याच देशात अशा नकला तयार होतात आणि त्यांतल्या बऱ्याच परदेशी गिऱ्हाइकांसाठी असतात. नक्कल म्हणून, नकलेच्या किमतीत घेऊन हॉटेलात लावली तर त्यात वावगं काही नाही. जुनी म्हणून घ्यायची नाही.

म्हणून या नादातला पहिला अभ्यास हा, की आपल्या भागात कोण तेल विकत होतं आणि कोणत्या वर्षांत, ते पाठ असलं पाहिजे.

त्याची सुरुवात अमेरिकेत होते. 1911 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रॉकफेलर यांची स्टँडर्ड ऑइल ही अवाढव्य तेलकंपनी मोडली आणि तिच्या 34 कंपन्या झाल्या. 1913 च्या डिसेंबरमध्ये पिट्सबर्गला गल्फ कंपनीने खास मोटारींसाठी बांधलेला पंप उघडला. तोवर लोक किराणा दुकानातून किंवा लोहाराकडून डब्याने पेट्रोल नेत. आता गाडी पंपावर यायला लागली, आणि गाडीवाल्याला लांबून दिसेल अशी खूण लागायला लागली. पेट्रोल कुणाचंही घ्या, दिसायला सारखंच. ते काही शोकेसमध्ये मांडून दाखवता येत नाही. तेव्हा माल वेगळा दाखवायची जागा एकच उरली, ती म्हणजे पाटी. गल्फचं नारिंगी वर्तुळ, टेक्साकोचा तारा, फिलिप्सची ढाल, सगळं त्या गरजेतून आलं. तिथे गावागणिक छोट्या कंपन्या होत्या, म्हणून तिथल्या पाट्यांत एवढं वैविध्य आहे. मिशिगनमधल्या मस्गो नावाच्या अशाच एका अल्पायुषी पंपाची, अमेरिकन इंडियन माणसाचं चित्र असलेली गोल पाटी 2022 मध्ये लिलावात 15 लाख डॉलरना गेली. हा आकडा ऐकून आपल्याकडचे विक्रेते हवेत जातात. तुम्ही जाऊ नका. ती किंमत दुर्मीळपणाची आहे, पाटीच्या वयाची नाही.

आपल्याकडे चित्र वेगळं होतं. गाड्या थोड्या, कंपन्याही मोजक्याच. बर्मा ऑइल आणि रॉयल डच शेलची एशियाटिक पेट्रोलियम यांनी मिळून 1928 मध्ये भारतापुरती बर्मा-शेल काढली. रॉकेलच्या चार गॅलनच्या डब्यांपासून मोटारीच्या पेट्रोलपर्यंत ती सगळं विकायची. तिचं ऑफिस बॅलार्ड इस्टेटमध्ये होतं, जिथे आज भारत पेट्रोलियमचं भारत भवन आहे. पुण्यात लोहगावच्या बाजूला अजूनही वस्तीला बर्माशेल म्हणतात, इतकं ते नाव रुळलेलं. दुसरी स्टॅनव्हॅक, म्हणजे स्टँडर्ड-व्हॅक्यूम. न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल आणि सोकोनी-व्हॅक्यूम यांची ही 1933 ची भागीदारी. मोबिलगॅस, मोबिलॉइल आणि उडता घोडा हे तिचं. 1962 मध्ये ही भागीदारी सुटली आणि भारतात तिच्या जागी एस्सो आली, त्या दशकातला एस्सोचा वाघ आठवणारे लोक अजून भेटतात. तिसरी कॅलटेक्स, कॅलिफोर्नियाची स्टँडर्ड ऑइल आणि टेक्सास कंपनी (म्हणजेच टेक्साको) यांची 1936 ची जोडी, तिच्याकडे टेक्साकोचा तांबडा तारा. या तिघींशिवाय रंगूनमध्ये 1909 साली सुरू झालेली इंडो-बर्मा पेट्रोलियम, म्हणजे आयबीपी, आणि 1959 पासून आपली सरकारी इंडियन ऑइल.

स्वातंत्र्यानंतर पहिल्या तिघींनी इथे रिफायनऱ्याही उभ्या केल्या. स्टॅनव्हॅकची मुंबईत तुर्भ्याला (ट्रॉम्बे) 1954 मध्ये, शेजारीच माहुलला बर्मा-शेलची 1955 मध्ये आणि कॅलटेक्सची विशाखापट्टणला 1957 मध्ये. साधारण वीस वर्षांत तिन्ही सरकारकडे आल्या. 1974 मध्ये एस्सोची हिंदुस्तान पेट्रोलियम झाली. 24 जानेवारी 1976 ला सरकारने बर्मा-शेल ताब्यात घेतली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कॅलटेक्स, जी पुढे 1978 मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाली.

आता तुमची पाटी बघा. बर्मा-शेल ताब्यात आल्यावर आधी तिचं नाव भारत रिफायनरीज होतं. भारत पेट्रोलियम हे नाव 1 ऑगस्ट 1977 पासूनचं. तुमच्या पाटीवर 'भारत पे' आहे, म्हणजे तो निळा रंग 1977 च्या ऑगस्टनंतरच चढलेला. नव्या नावाची पाटी येईपर्यंत कुणीतरी, बहुधा गावातल्या पेंटरनेच, जुन्या पाटीवर नवं नाव लिहून काम भागवलं. एका कंपनीचं राष्ट्रीयीकरण कराडच्या हायवेवर नेमकं कसं उतरलं, त्याचा हा पुरावा आहे. चकचकीत बर्मा-शेल पाटी पैसे टाकले तर मिळू शकते. पेंटरच्या हातची ही दुसरी ओळ असलेली पाटी बाजारात शोधून मिळणार नाही. थिनरचा बोळा फिरवलात तर पाच मिनिटांत ती ओळ जाईल आणि खाली उरेल ती चारचौघींसारखी पाटी. माझं मत यात ठाम आहे.

आता वळू या घोड्याकडे. हा उडता घोडा, पेगॅसस, पुढे सोकोनी-व्हॅक्यूममध्ये मिसळलेल्या व्हॅक्यूम ऑइलने वापरात आणला आणि 1930 च्या दशकात तो अमेरिकेतही पंपापंपावर पोचला. डॅलसच्या मॅग्नोलिया इमारतीवर 1934 साली चढवलेला निऑनचा फिरता घोडा प्रसिद्धच आहे. भारतात स्टॅनव्हॅकच्या पंपांवर तो खरोखर होता, त्यामुळे मुंबईत अस्सल घोडा मिळणं शक्य कोटीतलं आहे. पण तो देखणा आणि ओळखीचा, म्हणून त्याच्या नकलाही भरपूर.

खरं-खोटं ओळखायचं तर ही पाटी कशी बनते ते माहीत हवं. इनॅमल हा रंग नव्हे, काच आहे. जाड लोखंडी पत्रा कापून, भोकं पाडून, आम्लात धुऊन स्वच्छ करायचा. त्यावर काचेच्या भुकटीचा पहिला थर द्यायचा आणि साधारण 800 अंश सेल्सिअसच्या भट्टीत घालायचा. भुकटी वितळून लोखंडाला चिकटते. या पहिल्या थरात कोबाल्ट असतं, कारण कोबाल्टमुळे काच लोखंडाला घट्ट धरते, म्हणून तो थर काळपट निळा दिसतो. हा थर पुढून, मागून आणि कडांवरही असतो. एकाच बाजूला काच दिली तर थंड होताना पत्रा वाकतो आणि मागून गंज चढतो. मग पांढरा किंवा पिवळा थर, पुन्हा भट्टी. मग तांबडा, पुन्हा भट्टी. जुन्या कामात प्रत्येक रंगाची सुकी भुकटी स्टेन्सिलमधून ब्रशने झाडून काढत. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम परिसरात हा मोठा धंदा होता, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बीव्हर फॉल्सची इंग्राम-रिचर्डसन नामांकित. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या पाट्या विलायतेहून बनून आल्या.

या कृतीतून तपासणी आपोआप निघते. डोळे मिटून नख रंगांच्या सीमेवरून आडवं फिरवा. तांबड्यावरून पिवळ्यावर उतरताना नखाला पायरी लागली पाहिजे. छापलेल्या स्वस्त नकलेवर नख सरळ घसरत जातं. नंतर जिथे टवका उडालाय तिथे मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. अस्सल पाटीवर टवक्याच्या कडेला थर उतरत जाताना दिसतात, वरचा रंग, खाली पांढरा, खाली काळपट निळा आणि तळाशी काळं पडलेलं लोखंड. टवकाही आपल्या जागी उडालेला असतो. भोकांभोवती स्क्रू आवळल्यामुळे, कडांना पाटी उतरवताना-ठेवताना, आणि मधोमध पोरांनी दगड मारून, तेही बहुधा पुढच्याच बाजूने. बनावट पाटीवर टवके सगळीकडे सारखे पसरलेले, एकाच हातोडीच्या मापाचे असतात. आणि भोकांशी मात्र वायसर बसल्याची गोल खूण नसते. वर्षानुवर्षं वायसरखाली झाकलेली काच उन्हापावसापासून वाचते, म्हणून ती कडी सभोवतालच्या काचेपेक्षा जास्त चमकते. ही खूण खोटी बनवणं फार कठीण, आणि बनवणारे सहसा तेवढे कष्ट घेत नाहीत.

गंज बोटाने घासून बघा. जुना गंज काळपट तपकिरी, घट्ट बसलेला. नवा गंज, म्हणजे मीठ-पाण्यात किंवा ॲसिडने आणलेला, नारिंगी भुकटीसारखा बोटाला लागतो.

आता पाटी उलटी करा. माझा निम्माअधिक वेळ मागच्या बाजूवर जातो. पुढची बाजू विकायला सजवलेली असते, मागची कुणी बघत नाही. तिथे काच आहे की काळा स्प्रे मारलाय? भिंतीचा चुना, लाकडी चौकटीची फिकट रेघ, कोळ्याच्या जाळ्यांचा जुना चिकटा, यांतलं काही आहे का? की पुढून साठ-सत्तर वर्षांची आणि मागून गेल्या वर्षीची? दुकानदार पाटी भिंतीवरून उतरवायला तयार नसेल, तर तिथून निघा. चोर बाजारातले जाणते दुकानदार उलट स्वतःच पाटी पालथी करून दाखवतात, त्यांना खरं गिऱ्हाईक ओळखता येतं.

परवानगी घेऊन एका कोपऱ्यात ॲसिटोनचा बोळा टेकवून बघा, नेलपॉलिश रिमूव्हर चालेल, पण ॲसिटोनचंच घ्या. काचेला त्याने काहीही होत नाही. बोळ्याला रंग लागला तर तिथे डागडुजी केलेली आहे. डागडुजी गुन्हा नाही, पण ती सांगितली गेली पाहिजे आणि किंमत तशी उतरली पाहिजे. अल्ट्राव्हायलेट टॉर्च असेल तर अंधाऱ्या कोपऱ्यात तो मारा. नवा रंग बऱ्याचदा आजूबाजूच्या काचेपेक्षा वेगळा उजळतो.

एक सावधानता. हल्ली काही नकला खऱ्या इनॅमलच्याच असतात, भट्टीतून काढलेल्या. तिथे नखाची पायरी लागेल, मागे काचही असेल. अशा वेळी पत्र्याची जाडी, वजन, वापराच्या खुणा आणि मजकूर यांवर जावं लागतं. मजकूर नीट वाचा. बर्मा-शेलच्या इंग्रजी नावात बर्माच्या शेवटी 'एच' आहे. तो नसेल तर पाटी खाली ठेवा. शेलचा शिंपला आज दिसतो तसा सपाट, मोजक्या जाड रेघांचा हा डिझायनर रेमंड लोवी यांनी 1971 मध्ये केलेला. तसा शिंपला आणि खाली 1930 साल असं दिसलं तर प्रश्नच मिटला. मुळात पाटीवर मोठ्या अक्षरांत वर्ष असलं की मी सावध होतो. जुन्या कारखानदाराला ग्राहकाने वर्ष वाचावं असं वाटायचं कारण नव्हतं. त्याची खूण असलीच तर खालच्या काठाला, भिंगाने वाचावी अशा बारीक अक्षरांत असते.

काळ ठरवायला आणखी दोन-तीन धागे हाती असतात. गॅलनचा उल्लेख असेल तर पाटी साधारण 1960 च्या आसपासची किंवा त्याआधीची, कारण मोजमापांचा कायदा 1956 चा आणि लिटर त्यानंतर आलं. किंमत आण्यांत असेल तर 1957 च्या नव्या पैशाआधीची. स्टॅनव्हॅकचं नाव असेल तर 1933 ते 1962 हीच खिडकी. मोबिलॉइलच्या पाटीवर घोड्याऐवजी गारगॉइल, म्हणजे तो विचित्र पंखवाला प्राणी असेल, तर ती घोड्याच्या आधीच्या पिढीतली असण्याची शक्यता मोठी. अशी दिसली तर मला जरूर कळवा, या पाट्यांवर माझा जीव आहे.

मामांच्या पाटीचं आता काय करायचं? कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ सुती फडकं. निळ्या भागावर फडकं ओलं नको, नुसतं दमट. तिथे घासायचं नाही, टिपायचं. चिंचेचा कोळ, लिंबू, संडास धुण्याचं ॲसिड, तारेची घासणी, यांतलं काहीही नाही. आम्लाने काचेची चमक कायमची जाते. सुकल्यावर, फक्त टवक्यांतल्या उघड्या लोखंडावर आणि कडांवर, रंगहीन मेणाचा पातळ हात द्या. टवके पुटीने भरू नका. ग्राइंडर किंवा पॉलिशपेपर तर लावायचाच नाही, कारण जुन्या तांबड्या-पिवळ्या काचेत शिसं आणि कॅडमियम असू शकतं आणि ती धूळ छातीत जाणं वाईट.

टांगताना जुनीच भोकं वापरा. स्क्रूच्या दोन्ही बाजूंना नायलॉनचे किंवा चामड्याचे वायसर घाला, आणि पाटी किंचित हलेल इतपतच आवळा. काच आणि लोखंड उन्हात वेगवेगळे पसरतात, जखडून टाकलेली पाटी भोकाशी तडकते. समुद्राकाठी राहत असाल तर बाहेर लावूच नका.

आणि या आठवड्यातच मामांना समोर बसवून विचारा. ही पाटी कोणत्या पंपावरची, कुणाकडून आली, हौदावर कधी टाकली, पेंटर कोण होता. ते सांगतील ते तारखेसह लिहून ठेवा, जमल्यास त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करा. गॅरेजचा जुना फोटो, पंपाची एखादी पावती, काहीही मिळालं तर सोबत ठेवा. पाटी कुठून आली हे कागदावर असेल, तर दोन सारख्या पाट्यांत तुमची वरचढ ठरते. विकायची नसली तरी पुढच्या माणसाला ते लागेल.

पुढे शोधायचं असेल तर पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे सकाळी लवकर जा. पण खऱ्या पाट्या मला बाजारापेक्षा भंगारवाल्यांकडे, जुन्या ट्रान्सपोर्ट ऑफिसांत आणि गोठ्यांच्या छपरांवर जास्त दिसल्या आहेत. जाड पत्रा, सहसा न गंजणारा, फुकटचा, त्यामुळे लोकांनी तो कुठे कुठे वापरला. काढून घेण्याआधी मालकाशी बोला, बदल्यात चांगला नवा पत्रा द्या, दोन ओळींची पावती करून घ्या. चालू किंवा बंद पंपाच्या भिंतीवर लागलेली पाटी परस्पर उतरवणं ही चोरी आहे, आणि अशी पाटी कुणी विकायला आणली तर घेऊ नका.

तुमचे एक नातेवाईक पाटी अमेरिकेला न्यायचं म्हणतात, असंही तुम्ही लिहिलंय. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेषांत मोडू शकते, आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. बर्मा-शेल ही कंपनीच 1928 ची, तेव्हा आज तिची कोणतीही पाटी त्या रेषेच्या अलीकडे आहे, पण तिच्या अगदी पहिल्या पाट्या 2028 पासून रेषा ओलांडू लागतील. गारगॉइलच्या काही पाट्यांनी ती आत्ताच ओलांडली असेल. म्हणून नेण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ही पुरावशेष नाही असा दाखला घ्या, विमानतळावर कस्टमसमोर वाद घालत बसण्यापेक्षा ते सोपं आहे. मला विचाराल तर ती कराडलाच राहू द्या. आणि घोड्याचे फोटो काढाल तेव्हा पहिला फोटो मागच्या बाजूचा पाठवा, दुसरा भोकांचा, घोड्याचा सगळ्यांत शेवटी.